तात्यांच्या स्पॅनिशच्या सऱ्या

सुरुवातीलाच माफी मागतो. एखाद्या माणसाबद्दल लिहायचं तर लिहिणाऱ्याला थोडंफार जग माहीत असावं, असं मला वाटतं. मला इंदापूर माहीत आहे, बारामती माहीत आहे आणि या दोन्हींच्या मधला एसटीचा रस्ता माहीत आहे. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. त्यामुळे मी काहीही लिहिलं तरी घरचे चांगलंच म्हणतात, आणि ते खरंच चांगलं आहे का हे सांगणारं कुणी नसतं. तरीही तात्यांबद्दल लिहितो आहे, कारण दुसरं कुणी लिहील असं दिसत नाही.

तात्यांनी एकदा इंदापूरच्या बाजाराच्या दिवशी अर्धं डोकं एका सलूनमध्ये कापून घेतलं आणि तसेच उठून उरलेलं अर्धं समोरच्या सलूनमध्ये कापायला गेले. कोण चांगलं कापतो हे त्यांना ठरवायचं होतं. पहिल्या न्हाव्याला वाटलं आपलं काहीतरी चुकलं. दुसऱ्याला वाटलं माणूस भांडून उठून आलाय. तात्या मात्र पंधरवडाभर आरशात बघून कुठली बाजू कशी वाढतेय याचा अंदाज घेत होते. शेवटी डावी बाजू जिंकली.

हे सगळं शेतीतून आलेलं. तात्यांची आणि आमची जमीन बांधाला बांध लागून. त्यांची डाळिंबाची बाग आणि थोडी ढोबळी मिरची, आमचा भाजीपाल्याचा तुकडा. माझे अब्बा, उस्मान मुलाणी, डाळिंबाचे छोटे व्यापारी आहेत. बागेत माल बघायचा, तोडायचा, क्रेट भरून मार्केटला लावायचे. तात्यांचा माल ते पूर्वीपासून घेतात. फार वर्षांपूर्वी शेतकी खात्यातल्या कुणा साहेबांनी तात्यांना सांगितलं होतं, की नवीन खत एकदम सगळ्या रानाला घालू नका, एका सरीला घाला, दुसरीला दुसरं घाला, आणि एक सरी कोरी ठेवा. तिला काहीच घालू नका, मग फरक कळेल. साहेब सांगून गेले. तात्या ते विसरले नाहीत.

तेव्हापासून कुठल्याही गोष्टीवर त्यांचं एकच उत्तर असे, "आदी सरी लावून बघू." चहाची पावडर असो, दाढीचं ब्लेड असो, पायाच्या दुखण्यावरचं मलम असो. मलम त्यांनी दोन गुडघ्यांना दोन प्रकारचं लावलं आणि कोरी सरी म्हणून काकींना काहीच न लावता बसायला सांगितलं. काकी म्हणजे त्यांच्या बायको. माझा गुडघा दुखतच नाही, असं काकी म्हणाल्या, तर तात्या म्हणाले, तेच पायजे. लग्नाला तेवढी सरी लावून बघता आली नाही, असंही ते चारचौघांत म्हणायचे, आणि काकी आतून भांडं जोरात ठेवायच्या.

काकींना जाऊन आता काही वर्षं झाली.

तात्यांचा एकुलता मुलगा अजित. शेतकीची पदवी घेऊन तो स्पेनला भाजीपाल्याच्या पॉलीहाऊसमध्ये नोकरीला गेला आणि तिथल्याच मुलीशी त्याने लग्न केलं. तिचं नाव इनेस. लग्न तात्या-काकींनी फोनवर पाहिलं. सगळं आवडलं, फक्त व्याहीभेट झाली नाही याची तात्यांना हळहळ होती. म्हणून त्यांनी व्याह्यांना कुरिअरने टॉवेल-टोपी पाठवली. पुढच्या व्हिडिओ कॉलला व्याही डोक्यावर पांढरी टोपी घालून आणि टॉवेल गळ्याला मफलरसारखा गुंडाळून बसले होते. त्यांचं नाव रामोन. संत्र्यांची बाग आहे त्यांची. तात्या त्यांना पहिल्या दिवसापासून रामोनराव म्हणतात.

दोघांचं बोलणं अजितमार्फत चालायचं. तात्या चार वाक्यं बोलायचे, अजित एक सांगायचा. रामोनराव हातवारे करत बराच वेळ बोलायचे, अजित म्हणायचा, बरे आहेत ते.

मागच्या वर्षी दिवाळीनंतर तात्यांनी आमच्या ओट्यावर येऊन जाहीर केलं, की त्यांना स्पॅनिश शिकायचंय. अब्बा क्रेट धूत होते. त्यांनी विचारलं, "ह्या वयात? कशापायी?"

"रामोनरावाला एक इचारायचंय. मधी अजित नको."

काय विचारायचंय ते त्यांनी सांगितलं नाही. गावात मग ज्याला जे सुचलं ते त्याने ठरवलं. कुणी म्हणालं तात्या डाळिंब परस्पर स्पेनला पाठवणार. कुणी म्हणालं सुनेची तक्रार करायचीय. अम्मीला वाटलं नातवंडाबद्दल असेल. तात्यांना या कशात रस नव्हता. त्यांच्यापुढे एकच प्रश्न होता, शिकायचं कसं. बारामतीला क्लास आहे असं मी सांगितलं. दत्तू, म्हणजे त्यांच्या बागेत काम करणारा गडी, म्हणाला मोबाइलवर फुकट व्हिडिओ असतात. अजितने फोनवर एक ॲप सुचवलं होतं. एक पुस्तकही मिळत होतं. प्रत्येकजण आपलंच बरोबर म्हणत होता. तात्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि मग ते म्हणाले ते मला आधीच कळायला हवं होतं.

ॲपची सरी ते स्वतः. क्लासची सरी मी, कारण मी रोज बारामतीला जातच होतो. क्लास शनिवारी कॉलेजनंतर होता, फी त्यांनी भरली. व्हिडिओची सरी दत्तू. पुस्तकाची सरी त्यांनी स्वतःच बाद केली, कारण पुस्तक इंग्रजीतून होतं आणि ते उघडून बघितल्यावर ते म्हणाले, हितं उगवणच न्हाय. आणि कोरी सरी अब्बा.

"उस्मान, तू काय बी शिकायचं न्हाय. ध्यानात ठेव."

अब्बा म्हणाले, न शिकायचा मला चांगला सराव आहे.

डाळिंबाच्या झाडांवर प्रयोग करताना तात्या फांद्यांना रंगीत फिती बांधतात, म्हणजे कुठल्या झाडाला काय दिलं ते कळतं. त्यांनी माझ्या कॉलेजच्या दप्तराला लाल फीत बांधली, दत्तूच्या फवारणीच्या पंपाला पिवळी, स्वतःच्या मोबाइलला हिरवी. अब्बांच्या क्रेटला काही नाही. वर्गातल्या मुलींनी विचारलं, हा कसला नवस? मी हसून पुढे गेलो. फीत मात्र काढली नाही. तात्यांनी सांगितलं होतं, मध्येच फीत काढली तर हिशोब लागत नाही.

रोज संध्याकाळी सगळ्यांनी तात्यांच्या बागेतल्या पॅकिंगच्या शेडमध्ये बसायचं. पाणी सारखं पाहिजे, म्हणून सगळ्यांना एकाच वेळी एकाच भांड्यातला चहा. तात्या ॲप उघडायचे. त्यात एक रंगीत पक्षी होता, तो चुकलं की रडायचा आणि एक दिवस अभ्यास केला नाही तर रुसायचा. तात्या त्याच्याशी बोलायचे. "रडू नगं बाबा, आज छाटनीची मानसं होती." दत्तू मोबाइलचा आवाज पूर्ण मोठा करून व्हिडिओ लावायचा. मी क्लासमध्ये दिलेले तक्ते मोठ्याने पाठ करायचो. अब्बा एका कोपऱ्यात डाळिंबांची प्रतवारी करत असायचे, मोठी एका क्रेटमध्ये, मध्यम दुसऱ्यात.

क्लासबद्दल सांगायचं तर तो बारामतीत एका झेरॉक्सच्या दुकानावर भरायचा. शिकवणाऱ्या मॅडम तरुण होत्या, फार मनापासून शिकवायच्या. बाकीची मुलं कुठे ना कुठे बाहेर जाणारी होती. मॅडमनी पहिल्या दिवशी प्रत्येकाला विचारलं, स्पॅनिश का शिकायचंय. मी म्हणालो, शेजाऱ्यांच्या प्रयोगासाठी. त्यांनी मान हलवली आणि पुढच्याला विचारलं.

दोनेक महिन्यांनी तात्यांनी पाहणी ठेवली. हात मागे बांधून ते आमच्यासमोरून फिरले. मी क्रियापदं धडाधड म्हटली. पण मला काही बोल म्हटल्यावर जीभ उचलेना. तात्या म्हणाले, "पानं लई. फळ न्हाय." दत्तूला एकच वाक्य येत होतं, पण ते तो इतकं झरझर आणि ठसक्यात म्हणायचा की आम्ही सगळे चाट पडलो. ते मी मॅडमना म्हणून दाखवलं. त्या बराच वेळ हसल्या. त्याचा अर्थ होता, व्हिडिओ आवडला तर सबस्क्राइब करा आणि घंटीचं बटण दाबायला विसरू नका. स्वतः तात्यांना बरीच वाक्यं येत होती. मांजर दूध पितं. माझ्या मावशीकडे निळी छत्री आहे. हत्ती सफरचंद खातो. त्यांनी स्वतःच्याही सरीला माफ केलं नाही. "फुलं लई दिसत्यात, पर सेटिंग न्हाय, फळ धरत न्हाय. हत्ती सफरचंद खातो ह्ये मी रामोनरावाला कशापायी सांगू?"

खरी परीक्षा त्यांनी संक्रांतीच्या दिवशी ठेवली. अजितचा व्हिडिओ कॉल येणार होता आणि रामोनरावही तिथेच जेवायला होते. आपला चहा आणि त्यांचं जेवण साधारण एकाच वेळी होतं. तात्यांनी फोन क्रेटवर उभा केला आणि अजितला सांगितलं, तू मध्ये बोलू नको. प्रत्येक सरीने पुढे यायचं.

मी गेलो. नमस्कार केला. पुढे काही सुचेना, म्हणून पुन्हा नमस्कार केला. दत्तूने सबस्क्राइब करायला सांगितलं. रामोनराव खुर्चीत मागे रेलून हसले आणि त्यांनी हवेत घंटी दाबून दाखवली. तात्यांनी घसा साफ केला, "बुएनास, रामोनराव," म्हणाले आणि हत्ती सफरचंद खातो हे सांगितलं. रामोनरावांनी अतिशय गंभीरपणे मान डोलावली. मग त्यांनी हात वर करून काहीतरी विचारलं. आम्ही तिघे एकमेकांकडे बघत राहिलो. अजित सांगणार तेवढ्यात तात्यांनी बोट वर करून त्याला थांबवलं. 

कोपऱ्यातून अब्बांनी मान वर न करता, हातातलं डाळिंब क्रेटमध्ये ठेवता ठेवता, दोन-तीन शब्दांत उत्तर दिलं.

रामोनराव खूश झाले. भरभर आणखी काहीतरी बोलले. अब्बांनी त्यावरही "सी, सी," म्हणजे हो, हो, म्हणून एक शब्द जोडला. अजितने नंतर सांगितलं, की रामोनरावांनी विचारलं होतं, तिकडे पाऊस झाला का. आणि अब्बा म्हणाले होते, न्हाय, नुसते ढग.

त्या दिवशी तात्या इतके चिडले की चहा तसाच राहिला. ते अब्बांना म्हणाले, तुला शिकू नको म्हणून बजावलं होतं. अब्बा म्हणाले, मी कुठं शिकलो, कानावर पडलं. एका बाजूला तुमचा पक्षी, एका बाजूला दत्तूचा भोंगा, एका बाजूला माझा पोरगा, मी कान काय क्रेटात ठेवू? तात्या म्हणाले, सगळा प्रयोग नासवलास. आणि दोन दिवस ते आमच्याकडे फिरकले नाहीत. माझी अम्मी हळहळली. अब्बा म्हणाले, येतंय, मालाचा हिशोब राहिलाय.

तात्या आले ते हिशोबाबद्दल बोलायला आले असं आम्हाला वाटलं. ते ओट्यावर बसले आणि म्हणाले की चूक त्यांचीच होती. कोरी सरी इतर सऱ्यांना लागून ठेवायची नसते. शेजारच्या ड्रिपचं पाणी आतून झिरपतं आणि तिलाही मिळतं. हे त्यांना माहीत असून अब्बांना त्यांनी शेडमध्ये बसवलं. पण प्रयोग वाया गेला नव्हता, उलट निकाल लागला होता. ॲप नाही, क्लास नाही, व्हिडिओ नाही. "झिरपून येतं ते. बोलनाऱ्याच्या शेजारी नुसतं बसाया पायजे."

आता बोलणाऱ्याच्या शेजारी बसायचं म्हणजे कुणाच्या? भिगवणला पक्षी बघायला परदेशी लोक येतात, पण ते फ्लेमिंगो बघतील की तात्यांशी बोलतील. असं एक एक नाव बाद करत शेवटी उरले रामोनरावच. तात्यांनी ठरवलं, रोज चहाच्या वेळी रामोनरावांना फोन लावायचा, अजितशिवाय. समजेल तेवढं समजेल.

अजितकडे नंबर मागितला तर तो गोंधळला. काय विचारायचंय ते मला सांगा, मी नीट विचारून सांगतो, असं तो तीनदा म्हणाला. तात्या फक्त "न्हाय" म्हणाले. नंबर त्याने दिला, पण मला वेगळा मेसेज केला, आण्णांची तब्येत बरी आहे ना? तो तात्यांना आण्णा म्हणतो.

दुसऱ्या दिवशी दुपारी तात्यांनी मला शेडमध्ये बोलावलं. दत्तू बागेत होता. तात्या म्हणाले, बाकीचं झिरपेल तेव्हा झिरपेल, पण पहिलं वाक्य मला आख्खं पाठ पाहिजे. क्लासच्या मॅडमकडून करून आण. मी मोबाइल काढला आणि सांगा म्हणालो.

ते भिंतीपाशी जाऊन उभे राहिले. शेडच्या भिंतीला त्यांची खाट लावलेली होती. वर घडी घातलेली गोधडी, उशी. तात्या शेडमध्ये झोपतात हे सगळ्या गावाला माहीत होतं. माल चोरीला जातो म्हणून झोपतात, असं आम्ही धरून चाललो होतो. त्या दुपारी माझ्या लक्षात आलं की डाळिंबाचा तोडा तर संपला होता. शेडमध्ये रिकाम्या क्रेटशिवाय काही नव्हतं.

"लिही," तात्या म्हणाले. "बायकू गेल्यावर तुमी घरात पुन्हा कधी झोपाया लागलासा?"

मी लिहिलं. मला वर बघवेना.

मग ते नेहमीसारखंच, पाण्याच्या पाळीबद्दल सांगावं तसं सांगू लागले. इनेस शाळेत असतानाच रामोनरावांची बायको वारली, म्हणजे त्यांना यातलं जास्त कळतं. तात्यांनी स्वतः घरात झोपून बघितलं होतं. आतल्या खोलीत बघितलं, माजघरात बघितलं, डोकं इकडचं तिकडं करून बघितलं. जमलं नाही. उस्मानला विचारून उपयोग नाही, त्याची बायको आहे, ती सुखी राहो. आणि अजितला हे विचारायला लावणं म्हणजे आई नसलेल्या पोराला आणखी काय सांगायचं.

मॅडमना वाक्य दाखवलं तेव्हा त्यांनी हे कुणासाठी आहे ते विचारलं. मी सांगितलं. त्यांनी वाक्य पुन्हा एकदा वाचलं आणि त्या म्हणाल्या, हे मानाने विचारायचं की मित्रासारखं? तसं वाक्य बदलेल. मी तिथूनच तात्यांना फोन लावला. तात्या म्हणाले, व्याही हाय, पर ह्ये मैतरागत इचारू. मॅडमनी वाक्य हळू, थांबत थांबत माझ्या मोबाइलवर बोलून दिलं. तात्यांनी ते बागेत फिरताना ऐकलं, पंप चालू करताना ऐकलं. पाठ झालं तरी लगेच फोन लावला नाही. रोज म्हणायचे, आज तिकडं सुट्टी असंल. आज कामात असंल.

तेवढ्यात मला पुण्याला जावं लागलं. कॉलेजकडून एका ठिकाणी तीन महिने काम शिकायचं होतं. त्यामुळे पुढचं मी पाहिलेलं नाही, अब्बांनी फोनवर सांगितलेलं आहे.

तात्यांनी शेवटी एका सोमवारी फोन लावला. अब्बांना शेजारी बसवलं. वाक्य उभं राहून म्हटलं आणि खाली बसले. पलीकडून काहीच आवाज येईना. तात्यांना वाटलं रेंज गेली. मग रामोनराव बोलायला लागले आणि बोलतच राहिले. तात्या आणि अब्बा, दोघांना मिळून तीन शब्द कळले. स्वयंपाकघर. सोफा, तो तर आपलाच शब्द. आणि तिसरा शब्द, अजून. तीन शब्द त्यांनी जुळवले. रामोनराव स्वयंपाकघरातल्या सोफ्यावर झोपत होते, अजूनही.

अब्बा मला म्हणाले, "अजितला सांगू नगंस. तिकडं कुनाला म्हाईत नसंल."

तात्यांना त्यावर स्पॅनिशमध्ये काय म्हणावं ते सुचलं नाही. ते म्हणाले, उद्या. तेवढं ॲपमध्ये शिकवलं होतं. पलीकडून रामोनरावही म्हणाले, उद्या.

तेव्हापासून रोज फोन होऊ लागला. अजितने मला विचारलं, ते दोघं रोज काय बोलतात रे? इकडे इनेसचे बाबा जेवण अर्धं टाकून फोन घेऊन बाहेर जातात. मी लिहिलं, हवामानाबद्दल. ते खोटंही नव्हतं, बरंचसं बोलणं पावसाचं आणि पाण्याचंच असे, असं अब्बा म्हणायचे. उरलेल्या वेळात तात्या चहा पीत, रामोनराव काहीतरी खात, आणि फोन चालू असे.

बाकी काही महिना-दीड महिना कळलं नाही. मीही विचारलं नाही, मला संकोच वाटायचा. काल संध्याकाळी अब्बांचा फोन आला. ढोबळीचा भाव सांगितला, अम्मीच्या दाताचं सांगितलं, मग म्हणाले, तात्याने आयतवारी शेडमधली खाट घरात नेली. दत्तूने एक बाजू धरली, अब्बांनी दुसरी. आतल्या खोलीत, खिडकीपाशी. चार दिवस झाले, तिथेच झोपतात.

मी रामोनरावांचं विचारलं.

"त्यो अजून न्हाय," अब्बा म्हणाले. "तात्या रोज इचारतो त्याला. पर पलंगावरचा कपड्यांचा ढीग काढलाय म्हणं काल."